किलोमीटर आणि दमसास

कर्टिस व्हीडर या अमेरिकन संशोधकानं १८९५ साली सायकलच्या पुढच्या चाकापाशी बसवायचं एक चिमुकलं यंत्र काढलं. चाकाच्या स्पोकवर एक खुंटी असायची. चाकाचा एक फेरा झाला की ती खुंटी यंत्राला एक टिचकी मारायची, आणि ठराविक टिचक्या झाल्या की खिडकीतला आकडा एक घर पुढे सरकायचा. त्याला आता सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. खुंटीच्या जागी चुंबक आलं, दातेरी चाकांच्या जागी बारीकशी चिप आली, आणि आता तर हँडलला काही बांधायचीही गरज उरलेली नाही. खिशातला मोबाइल उपग्रहांच्या मदतीनं आपण कुठून कुठे गेलो ते सांगतो. पण यंत्राला विचारलेला प्रश्न तोच राहिला आहे, की चाक किती पुढे गेलं. उतारावर ते आपोआप घरंगळत गेलं काय किंवा चढावर पॅडलवर उभं राहून रेटत नेलं काय, टिचकी एकच. वर बसलेला माणूस धापा टाकतो आहे की शीळ घालतो आहे याची त्या यंत्राला कधीच खबर नव्हती, आणि ती ठेवण्यासाठी ते बनवलेलंही नव्हतं.

हे सांगायचं कारण असं, की तब्येतीसाठी नव्यानं सायकल चालवू लागलेल्या माणसाच्या हातात पहिली मोजपट्टी पडते ती हीच. रक्तातली साखर जरा वर सरकलेली असते, पोट जरा पुढे आलेलं असतं, डॉक्टर ‘काहीतरी हालचाल करा’ म्हणतात, गिअरची सायकल घरी येते, मोबाइलमध्ये ॲप येतं, आणि तिसऱ्या दिवसापासून भेटेल तो विचारतो, ‘आज किती झाले?’ किती म्हणजे किलोमीटर, हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. मग दहाचे पंधरा होतात, पंधराचे वीस, आणि दोन महिन्यांच्या आत पहिल्या अर्धशतकाची भाषा सुरू होते. माझं म्हणणं असं, की सुरुवातीच्या काही महिन्यांत हा प्रश्नच दिशाभूल करणारा आहे. नवशिक्याच्या वहीत पहिला रकाना मिनिटांचा असावा, दुसरा दमाचा, आणि किलोमीटरनी तिसऱ्या रकान्यात गुमान बसावं. अंतर जरूर मोजावं. पण त्याला मेहनतीचं माप समजलं की गडबड सुरू होते.

थोडा हिशेब करून पाहू. ७५ किलो वजनाचा माणूस, १५ किलोची साधी सायकल, पाठ सरळ ठेवून बसायची पद्धत, सपाट डांबरी रस्ता, वारा पडलेला. अशा वेळी ताशी १५ किलोमीटर वेगानं जायला साधारण ५५ वॅट शक्ती लागते. वेग २० वर नेला तर १०० वॅटच्या आसपास, आणि २५ वर नेला तर १६५ च्या घरात. वेग दुपटीही वाढला नाही, मेहनत मात्र तिप्पट झाली. याला जबाबदार हवा. टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण वेगाबरोबर फारसं बदलत नाही, पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो कापत जायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. आता वेग पुन्हा १५ वर आणा आणि समोरून ताशी १० किलोमीटरचा वारा येऊ द्या. हा काही वादळी वारा नव्हे, झाडाची पानं सळसळतील एवढाच. तरी ५५ चे १०० वॅट होतात. तोच वारा पाठीशी असेल तर तीस-बत्तीस वॅटमध्ये भागतं. रस्ता तोच, वेग तोच, अंतर तेच, आणि केवळ तोंड कोणत्या दिशेला आहे यावर मेहनत तिपटीनं कमी-जास्त. चढाचं तर विचारूच नका. दर २५ मीटरला १ मीटर वर जाणारा रस्ता मोटारीत बसलेल्याच्या लक्षातही येत नाही. सायकलवर तो ताशी १० किलोमीटरच्या रखडत्या वेगानं चढायलाही सव्वाशे वॅट लागतात. म्हणजे सपाटीवर ताशी २० नं जाण्यापेक्षा जास्त. माणसाचा बांधा, टायरची जाडी, बसायची ढब बदलली की हे आकडे थोडे मागे-पुढे होतील, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं फारसं बदलणार नाही. मीटर मात्र त्या चढावर एवढंच म्हणेल की आज तुम्ही फार हळू होतात.

यावर लगेच येणारं उत्तर ठरलेलं आहे: जाताना वारा समोरून असला तर येताना तो पाठीशी असणार, जाताना चढ तर येताना उतार, सरासरी बरोबर जमते. ती जमत नाही. वरच्याच माणसाला समोरच्या वाऱ्यात १०० वॅट आणि परतताना ३२ वॅट लागले, तर दोन्हींची सरासरी ६६ होते. वारा नसता तर ५५ मध्येच काम झालं असतं. उताराचा हिशेब तर याहून गमतीचा आहे. पाच किलोमीटरचा चढ ताशी १० नं चढला आणि तेच पाच किलोमीटर ताशी ३० नं उतरले, तर चढायला ३० मिनिटं लागली, उतरायला १०. दहा किलोमीटरला ४० मिनिटं, म्हणजे सरासरी वेग १५. आपण मनातल्या मनात धरलेला २० नव्हे. शिवाय खाली येतानाच्या दहा मिनिटांत पायांनी जवळपास काहीच केलेलं नसतं, ब्रेक दाबणाऱ्या बोटांचा काय तो व्यायाम. तरीही त्या दिवशीच्या दहा किलोमीटरमधले निम्मे किलोमीटर त्या फुकटच्या भागाचे असतात. पुण्याहून खडकवासल्याच्या धरणापर्यंतचे किलोमीटर आणि तिथून पुढे सिंहगडाचा घाट चढतानाचे किलोमीटर ॲपच्या नकाशावर एकाच रंगाच्या रेघेत उमटतात. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, गड तेराशेच्या. आणि या फरकाचा बहुतेक भाग शेवटच्या घाटातच चढायचा असतो. मुंबईच्या मरीन ड्राइव्हला चढ औषधालाही नाही, पण दुपारनंतर समुद्रावरचा वारा उठला की तिथली सपाटीही सपाटी राहत नाही. बहुतेक ॲप एकूण चढही दाखवतात हे खरं. पण उपग्रहावरून काढलेली उंची ही आडव्या अंतरापेक्षा बरीच ढोबळ असते, आणि मुळात ‘आज किती मीटर चढलात?’ असं चहाच्या टपरीवर कुणी विचारत नाही.

खुद्द किलोमीटर तरी अचूक असतात का, हाही प्रश्न आहे, पण त्यात फार अडकायला नको. दाट झाडी, उंच इमारती आणि बोगदे यांत जीपीएसची रेघ भरकटते. घाटातली तीव्र वळणं ती कधी कधी कापूनच टाकते. चाकावरच्या मीटरमध्ये टायरचा घेर चुकीचा भरला तर दर पन्नास किलोमीटरमागे एखाद-दीड किलोमीटरची खोट सहज येते. हौशी माणसाचं यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते अचूक किलोमीटरवरही अवाजवी विश्वास ठेवल्यानं.

हृदय, फुप्फुसं आणि मांडीचे स्नायू यांना रस्त्याची लांबी कळत नाही. त्यांना दोनच गोष्टी समजतात: काम किती वेळ चाललं आणि किती जोरानं चाललं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली शारीरिक हालचालींबद्दल ज्या सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांत प्रौढांसाठी आठवड्याला मध्यम जोराची १५० ते ३०० मिनिटं किंवा भरपूर जोराची ७५ ते १५० मिनिटं, किंवा दोन्हींचं मिश्रण, अशी भाषा आहे. किलोमीटर त्यात कुठे नाहीत. याच सूचनांमध्ये एक जुनी अट गाळली गेली, आणि ती गाळल्याचा फायदा सायकलवाल्यांइतका दुसऱ्या कुणाला झाला नसेल. आधी असं धरलं जायचं, की हालचाल सलग निदान दहा मिनिटं झाली तरच ती हिशेबात घ्यायची. आता तसं नाही. दूध आणायला गेलेली सहा मिनिटं, बँकेत जाऊन येतानाची आठ आठ मिनिटं, भाजीची पिशवी हँडलला अडकवून आलेली पाच मिनिटं, सगळी त्या दीडशेत जमा होतात. किलोमीटर मोजणाऱ्याला असली फुटकळ फेरी नोंदवायची लाज वाटते. दीड किलोमीटरसाठी कोण ॲप सुरू करणार? मिनिटं मोजणाऱ्याच्या खात्यात ती बिनबोभाट पडते. आठवड्याचा बेत रविवारच्या एका मोठ्या फेरीवर टांगून न ठेवता रोजच्या कामात मुरवता येतो, आणि नवशिक्याच्या दृष्टीनं हीच सर्वांत टिकाऊ गोष्ट आहे.

मिनिटांचं घड्याळ आहे, जोराचं काय? इथे मराठीत एक शब्द आयताच पडून आहे: दम. दम लागतो, दम भरतो, दम उखडतो, दम खावा लागतो, आणि शहाणं माणूस सगळं दमानं घेतं. गाणाऱ्यांकडे तर ‘दमसास’ असा पुरता घोटलेला शब्द आहे. एका श्वासात किती लांब तान न तुटता जाते ते त्यानं सांगतात. शरीर किती जोरानं काम करतं आहे याचा हा घरचा मापक शास्त्रानंही मान्य केलेला आहे. गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात जागच्या जागी चालवायच्या सायकलींवर माणसांना बसवून, भार वाढवत नेत, ‘आता किती कष्ट पडताहेत?’ असं विचारायला सुरुवात केली. त्यातून ६ ते २० अशी एक विचित्र दिसणारी मोजपट्टी तयार झाली. ती विचित्र नाही. निरोगी तरुण माणसानं सांगितलेल्या आकड्यावर एक शून्य चढवलं की साधारण त्याच्या हृदयाचे मिनिटाला पडणारे ठोके निघावेत, म्हणून ती सहापासून सुरू होते. माणूस जे ‘वाटतं’ म्हणून सांगतो आणि हृदय जे खरोखर करतं, ती दोन्ही बऱ्याच अंशी एकत्र वर जातात, हे त्या प्रयोगांमधून दिसलं. पुढे बोर्ग यांनीच शून्य ते दहाची सोपी पट्टीही दिली, आणि नवशिक्याला तीच बरी.

पट्टीवरचे आकडे पाठ करायची गरज नाही, बोलून पाहिलं की पुरे. सायकल चालवताना गाणं गुणगुणता येत असेल तर दम १-२. पूर्ण वाक्यं बोलता येतात, पण गायला गेलं की सूर तुटतो, असं असेल तर ३-४. आरोग्य संघटनेच्या भाषेतला ‘मध्यम जोर’ तो हाच. वाक्य मधेच तोडून श्वास घ्यावा लागतो तेव्हा ५-६. हो-नाही एवढंच निघतं तेव्हा ७-८, आणि त्यापुढे बोलायचं नावच नको. एकटं जात असाल तर पाढे म्हणावेत. एकोणतीसचा पाढा मात्र बसल्या जागीही दम काढतो, तेव्हा पाचाचा पुरे. पहिले दोन-तीन महिने बहुतेक फेऱ्या ३-४ च्या पट्ट्यात व्हाव्यात. ज्यांनी वर्षानुवर्षं काही व्यायाम केलेला नाही, त्यांना हे इतकं सोपं वाटतं की आपण काही करतच नाही अशी शंका येते. आणि मीटर बघून चालवलं तर हा पट्टा हमखास सुटतो, कारण वारा समोरून आला तरी आकडा पडू द्यायचा नाही म्हणून माणूस नकळत सहा-सातवर जातो.

आता मिनिटं आणि दम यांचा गुणाकार करा. कार्ल फॉस्टर या अमेरिकन व्यायामशास्त्रज्ञानं खेळाडूंच्या सरावासाठी रूढ केलेली ही साधी युक्ती आहे: फेरी संपल्यावर साधारण अर्ध्या तासानं, शांत झाल्यावर, एकूण फेरीला शून्य ते दहात एक आकडा द्यायचा आणि त्याला मिनिटांनी गुणायचं. ४० मिनिटं दम ४ नं म्हणजे १६० गुण. २५ मिनिटं दम ७ नं म्हणजे १७५. किलोमीटरच्या हिशेबात पहिली फेरी मोठी, शरीराच्या हिशेबात दुसरी. एका आठवड्याचं उदाहरण घ्या. सोमवारी ३० मिनिटं दम ३ नं, बुधवारी ३० मिनिटं ४ नं, शुक्रवारी पुन्हा ३० मिनिटं ३ नं, आणि रविवारी मित्रांबरोबर ७५ मिनिटं दम ५ नं. आधीच्या तीन दिवसांचे गुण ९०, १२० आणि ९०, म्हणजे ३००; एकट्या रविवारचे ३७५. आठवड्यातल्या एकूण ओझ्याचा निम्म्याहून जास्त भाग एका सकाळी उचललेला आहे. सोमवारी गुडघा का बोलतो, मंगळवारी सायकलकडे बघवत का नाही, याचं उत्तर या बेरजेत दिसतं; किलोमीटरच्या रकान्यात ते शोधून सापडत नाही. दर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढ करू नये असा एक नियमही सर्रास सांगितला जातो. तो निसर्गनियम नाही. नेदरलँड्समध्ये नव्यानं धावायला लागलेल्यांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, दहा टक्क्यांच्या बेतानं वाढ करणाऱ्यांत आणि नेहमीच्या वेगानं वाढ करणाऱ्यांत दुखापतींचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. तेव्हा टक्क्यांची आकडेमोड करण्यापेक्षा एखादा दिवस इतरांच्या मानानं फारच उंच उभा राहतो आहे का, एवढं पाहिलं तरी बरंच कळतं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वाजवी आहे. ‘मला वाटलं’ हा काय पुरावा झाला? घड्याळाचं यंत्र खोटं बोलत नाही, माणूस बोलतो. पोरांसमोर दम लागला हे कबूल करायला बाप तयार नसतो. गटातल्या तरण्याबांड मंडळींच्या मागे फरफटलेला माणूस घरी येऊन ‘आरामात’ असं सांगतो. शिवाय नवख्याला दहापैकी सात म्हणजे नेमकं किती, याची कल्पनाच नसते, कारण त्यानं दहा कधी पाहिलेलेच नसतात. हे सगळं कबूल. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतले आकडे गचाळच येतात. पण या वहीचा उपयोग शेजाऱ्याशी तुलना करायला नाही. तुमचा चार आणि शेजाऱ्याचा चार एक असायची गरज नाही; तुमचा जूनमधला चार आणि ऑगस्टमधला चार बऱ्यापैकी जुळले म्हणजे काम झालं. आणि बोलून पाहण्याची कसोटी सोबत असली की स्वतःला फसवायला फार वाव राहत नाही. तुटक वाक्य हे तुटकच असतं, ते कितीही रुबाबात म्हटलं तरी.

‘मग मनगटावरचं घड्याळ ठोके मोजतं, ते का नको?’ असं कुणी विचारेल. असेल तर वापरा, पण त्याच्या आकड्याचा अर्थ लावताना जपून. ‘२२० वजा वय’ म्हणजे हृदयाचे कमाल ठोके, हे सूत्र १९७० च्या सुमारास आधीच्या काही अभ्यासांतल्या आकड्यांवरून ढोबळपणे काढलं गेलं. ४५ वर्षांच्या माणसाला ते १७५ देतं. पण खऱ्या माणसांमध्ये दहा-बारा ठोके इकडे किंवा तिकडे असणं अगदी सामान्य आहे. २००१ साली बऱ्याच अभ्यासांची एकत्र छाननी करून ‘२०८ वजा वयाच्या सत्तर टक्के’ असं दुरुस्त सूत्र सुचवलं गेलं. ६५ वर्षांच्या व्यक्तीला जुनं सूत्र १५५ सांगतं, नवं साधारण १६२. ज्या घड्याळात जुनं सूत्र बसवलेलं आहे, ते आजोबांना उगाच घाबरवणार. त्यात विदर्भातल्या मे महिन्यासारखा उकाडा असेल, अंगातलं पाणी कमी झालं असेल, तर पायांचं काम तेवढंच राहूनही ठोके वर चढत जातात. हँडलची घट्ट पकड आणि रस्त्यावरचे धक्के यांनी मनगटावरचं वाचन गडबडतं, ते वेगळंच. छातीला बांधायचा पट्टा त्या मानानं विश्वासाचा. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर ठोके फारसे वाढतच नाहीत. माणूस धापा टाकत असतो आणि घड्याळ म्हणतं, अजून जोर लावा. हृदयविकारानंतरच्या व्यायामात बोर्गची पट्टी वापरली जाते ती यासाठीही. अर्थात अशा गोळ्या घेणाऱ्यानं सायकलला हात लावण्याआधी डॉक्टरांशी बोललेलं असलं पाहिजे, आणि छातीत दुखलं, चक्कर आली, घाम नेहमीसारखा वाटला नाही, तर पट्टीवर आकडा शोधत बसू नये. उतरावं आणि मदत मागावी.

दमाच्या पट्टीची एक उणीव मात्र मान्य केली पाहिजे. ती छातीचं ऐकते, गुडघ्याचं कमी. जड गिअर टाकून सावकाश पॅडल मारत गेलं तर श्वास शांत राहतो आणि सगळा भार सांध्यांवर येतो. नवशिके नेमकं हेच करतात, कारण पॅडल भराभर फिरवणं पोरकट वाटतं. म्हणून वहीत एखादा शब्द पायांसाठीही असावा. ‘गुडघा उजवा’ एवढं लिहिलं तरी पुढच्या आठवड्यात सीटची उंची बघायची आठवण होते.

कॅलरींचं प्रकरण तर निकालातच काढावं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली मनगटावर बांधायची सात उपकरणं तपासली. ठोके मोजण्यात त्यांतली सहा बऱ्यापैकी अचूक निघाली, चूक पाच टक्क्यांच्या आत. पण खर्च झालेल्या ऊर्जेच्या बाबतीत सर्वांत चांगलं उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. त्यापेक्षा वरचा वॅटचा हिशेब बरा. पायांनी एक किलोज्यूल काम केलं की शरीराचा साधारण एक किलोकॅलरी खर्च होतो, कारण खर्चलेल्या ऊर्जेतली वीस-पंचवीस टक्केच पॅडलपर्यंत पोचते, बाकीची घामावाटे आणि उष्णतेत जाते. ५५ वॅटनं तासभर सपाटीवर रमतगमत फिरलं तर २०० किलोज्यूल, म्हणजे दोनशे कॅलरींच्या आसपास. रविवारच्या फेरीच्या शेवटी जी मिसळ, जादा पाव आणि वर एक गोड चहा असतो, त्याचा हिशेब वाचकांनी स्वतः करावा. मिसळ खाऊ नये असं माझं म्हणणं नाही. ती सायकलच्या खात्यातून वजा करू नये एवढंच.

राहिला सर्वांत जिव्हाळ्याचा मुद्दा. किलोमीटरनं हुरूप येतो, मिनिटांनी येत नाही. ‘आज पंचवीस झाले’ हे घरी सांगण्यात जी मजा आहे ती ‘आज दोनशे दहा गुण झाले’ यात नाही. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत साधारण ४,८०० किलोमीटरची शर्यत नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ साली जोडीनं पूर्ण केली, आणि २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्यानं पार केली. तेव्हापासून कित्येकांनी सायकली बाहेर काढल्या असतील, तर त्या आकड्याच्या भव्यतेमुळेच. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आकडा जसा ओढतो तसा तो चावतोही. आर्थर एडिंग्टन या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञानं स्वतःच्या सायकलिंगसाठी एक आकडा ठरवला होता: किमान अमुक मैलांची फेरी अमुक दिवस झाली असेल तर तो अमुक म्हणजे आपली पायरी. पन्नास किंवा अधिक मैल पन्नास दिवस झाले तर पायरी पन्नासची. कल्पना सुंदर आहे, कारण एका दिवसाच्या पराक्रमानं ती हलत नाही, सातत्यच लागतं. पण सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांना १९३८ साली लिहिलेल्या पत्रात हाच थोर माणूस चुटपुटतो, की ईस्टरच्या सुट्टीत दोन फेऱ्या पावणेपंचाहत्तर मैलांच्या झाल्या आणि म्हणून धरता आल्या नाहीत. ताऱ्यांच्या पोटात काय चालतं ते ज्यानं उलगडलं, त्याला पाव मैलानं हुरहुर लावली. त्या दोन दिवसांत पंचाहत्तरच्या फेरीला पडले असते तेवढेच कष्ट त्याला पडले होते.

आपल्याकडे पुणे, मुंबई, नाशिकच्या मंडळींत ‘बीआरएम’ नावानं ओळखल्या जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या फेऱ्यांकडे पाहिलं तर लक्षात येतं, की किलोमीटरवर जीव टाकणाऱ्यांनाही शेवटी वेळेचाच हिशेब ठेवावा लागतो. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ६०० ला चाळीस. खाणं, पंक्चर, झोप सगळं त्यात धरून ताशी पंधराच्या आसपासचा वेग. तिथे कुणाला पहिलं येण्याचं बक्षीस नाही. सुरुवातीच्या पन्नास किलोमीटरमध्ये मीटरकडे बघून जो दम उधळतो, त्याला शेवटच्या पन्नासात त्याची किंमत मोजावी लागते. अनुभवी माणूस चढावर मीटरकडे बघतही नाही; तो स्वतःच्या श्वासाकडे लक्ष ठेवतो आणि गिअर हलका करतो.

अंतराचा खरा उपयोग दोन ठिकाणी आहे. एक सायकलच्या देखभालीसाठी. साखळीला तेल कधी घालायचं, टायर किती झिजला असेल, हे सायकलला विचारायचे प्रश्न आहेत आणि त्यांचं उत्तर किलोमीटरमध्येच मिळतं. चाकाचे फेरे मोजणारं यंत्र चाकाच्याच कामाला येतं, यात नवल नाही. दुसरा उपयोग कसोटीसाठी, आणि इथे अंतर, वेळ आणि दम हे तिन्ही रकाने एकत्र येतात. घराजवळचा एखादा ठरावीक तुकडा निवडावा. शक्यतो थोडा चढाचा, कारण चढावर वेग कमी असतो आणि वाऱ्याची लुडबुड कमी चालते. सिग्नल आणि गतिरोधक नसलेला दोन-तीन किलोमीटरचा रस्ता पुरेसा आहे, आणि गिअर नसलेल्या काळ्या सायकलवाल्यालाही तो चालतो. महिन्यातून एकदा, सकाळी साधारण त्याच वेळी, वीस मिनिटं सावकाश चालवून अंग गरम झाल्यावर तो तुकडा दम ४ नं चढायचा. अट एकच, की श्वास वाक्य बोलण्याइतका ताब्यात ठेवायचा, मग मीटर काहीही म्हणो. वर पोचल्यावर मिनिटं लिहायची. जूनमध्ये चौदा, जुलैत साडेतेरा, सप्टेंबरमध्ये पावणेतेरा असा आकडा उतरत गेला तर तेवढ्याच दमात जास्त काम होतं आहे, म्हणजे दमसास वाढला आहे, याचा यापेक्षा चांगला पुरावा प्रयोगशाळेबाहेर मिळणं कठीण. आणि मिनिटं कमी व्हायच्याऐवजी वाढलेली दिसली, तर आदल्या रात्रीची झोप, उकाडा, नुकताच येऊन गेलेला ताप यांचा विचार नंतर करावा; आधी मागच्या चाकात हवा आहे का ते अंगठ्यानं दाबून पाहावं.